ट्रायप्लाय भगुनं, दहा महिने वापरून: सगळं चांगलं, काठ सोडून

गेल्या सोमवारी भगुनं पुसून ठेवताना माझं बोट कापलं. सुरीने नाही, भगुन्याच्या काठाने. माझी ३१ वर्षं नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत पत्रा दाबण्यात गेली, त्यातली शेवटची १४ टूलरूममध्ये. पत्र्याने हात कापणं मला नवीन नाही. पण ते कारखान्यात, हातमोजे न घातल्याची शिक्षा म्हणून. घरात, ओट्यापाशी, २,३५० रुपये मोजून आणलेल्या भांड्याने कापून घ्यायचं म्हणजे फार झालं. म्हणून हे लिहायला बसलो. बोटाला पट्टी आहे, टायपिंगच्या चुका पोटात घाला.

भगुनं तीन लिटरचं, झाकणासकट, गेल्या धनत्रयोदशीला भांडी बाजारातून घेतलेलं. ट्रायप्लाय म्हणजे तीन थर: आत ३०४ जातीचं स्टेनलेस, मध्ये अॅल्युमिनियम, बाहेर ४३० जातीचं स्टेनलेस, ज्याला लोहचुंबक चिकटतं. मी खिशात लोहचुंबक घेऊनच गेलो होतो. बाहेरून चिकटलं, आतून नाही चिकटलं, म्हणजे निदान डब्यावर छापलंय त्याच्याशी जुळतंय. एवढ्यावर ३०४ सिद्ध होत नाही हे मलाही कळतं, पण दुकानात उभं राहून याहून जास्त काय तपासणार? दुकानदार म्हणाला, "काका, इंजिनिअर का?" मी म्हटलं, फिटर. तेव्हा काठावरून अंगठाही फिरवला होता. गुळगुळीत लागला. चूक माझी ही, की तो काठ कसा बनवलाय याचा विचार केला नाही. सणाची गर्दी होती आणि ही पणत्या घ्यायच्या म्हणून मागे घाई करत होती.

पहिले काही महिने मी या भगुन्याचा भक्त होतो. दूध! साध्या स्टीलच्या भगुन्यात दूध तापवलं की तळाला बर्नरच्या आकाराचं तपकिरी कडं उमटायचं आणि ते घासण्यात रोज पाच मिनिटं जायची. स्टेनलेस उष्णता पसरवत नाही, जिथे ज्योत लागते तिथेच तापतं. अॅल्युमिनियम स्टेनलेसच्या दहापटींहून जास्त वेगाने उष्णता वाहून नेतं, म्हणून तो मधला थर. ओतण्याआधी तळाला पाणी फिरवून घ्यायची आईची पद्धत चालू ठेवली, तर आता नुसती पातळ साय धरते, बोटाने निघते. होळीला अर्धा किलो डाळीचं पुरण यातच आटवलं. मी पेपर वाचत वाचत ढवळलं आणि तरी लागलं नाही. हिने पुरण चाखलं, भगुन्याकडे बघितलं आणि काहीच बोलली नाही. आमच्या घरात याला प्रशस्तिपत्र म्हणतात.

गॅसचं म्हणाल तर सिलिंडर लावल्याची तारीख मी कॅलेंडरवर लिहितो. आधी ३८ दिवस जायचा, आता ४१ जातो. मात्र मधल्या काळात नातू होस्टेलला गेला, त्यामुळे हे तीन दिवस भगुन्याचे की नातवाचे, सांगता येत नाही.

आता काठ.

पहिली तक्रार हिची होती, आणि मी ती धुडकावली होती. "अहो, भगुन्याला कान कशाला लावलेत? सांडशी आहे की घरात." कंपनीने दोन बाजूंना रिव्हेट मारून स्टीलचे कान बसवलेत. मोठ्या बर्नरवर ज्योत बाजूने वर येते आणि दहा मिनिटांत ते कान हात लावण्याच्या लायकीचे राहत नाहीत. मग फडकं घ्या. फडकं ज्योतीला लागतं. म्हणून ही आपली सांडशीच लावायची, आणि सांडशी सटकायची. साध्या भगुन्याला वर बोटभर आडवा काठ असतो, त्याखाली सांडशीचा जबडा अडकतो. याचा काठ सरळ उभा, कापून सोडलेला. सांडशीने धरायचं तरी काय? जानेवारीत एकदा लिटरभर दूध ओट्यावर गेलं. तेव्हा मी दोष हिच्या सांडशीला दिला होता. ते शब्द इथे जाहीरपणे मागे घेतो.

ज्यांनी पत्रा दाबलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गोल ब्लँक (पत्र्याची चकती) कापायचा, डायवर (खालच्या साच्यावर) ठेवायचा, कडेने दाबून धरायचा आणि पंच (वरचा ठोकळा) खाली आणायचा. पत्रा ओढला जाऊन वाटीचा आकार येतो. हा झाला ड्रॉ. यात वरची कड कधीच सरळ येत नाही. पत्रा लाटलेला असतो, त्याला दिशा असते, त्यामुळे कडेला लाटांसारखे चढउतार येतात. कारखान्यात आम्ही त्यांनाही कानच म्हणायचो. ते ट्रिमिंगमध्ये कापले जातात. कापलं की बर, म्हणजे कडेला खरबरीत धार येते, ती काढावी लागते. आणि त्यानंतर शहाणा कारखानदार अजून एक ऑपरेशन करतो, कर्लिंग. कड बाहेर वळवून बंद करायची. हात कापत नाही, भांडं वाकत नाही, पकड मिळते.

गवंड्याचं घमेलं बघा. सिमेंट कालवायचं, कुणी प्रेमाने पुसत नाही, कुणी त्याचं रिव्ह्यू लिहीत नाही. त्याचा काठ वळवलेला असतो. बादलीच्या काठात तर तार घालून वळवतात. आणि माझ्या २,३५० रुपयांच्या भगुन्याचा काठ कापून तसाच सोडलाय, वरून पॉलिश मारून. नीट बघितलं तर कडेवर तीन रेघा दिसतात: चकचकीत, करडी, चकचकीत. मधली करडी रेघ म्हणजे उघडं पडलेलं अॅल्युमिनियम.

फेब्रुवारीपर्यंत हे नुसतं दिसायला वाईट होतं. मग भांड्यांच्या मावशी गावाला गेल्या त्या परत आल्याच नाहीत, आणि सूनबाईने डिशवॉशर घेतला. भगुन्याच्या खोक्यावर "डिशवॉशर सेफ" मोठ्या अक्षरांत छापलेलं. रोज रात्री भगुनं आत. डिशवॉशरची पावडर चांगलीच अल्कलाइन असते, वर गरम पाणी. स्टेनलेसला त्याचं काही नाही. अॅल्युमिनियम मात्र त्यात विरघळतं, रोज थोडं थोडं. पाच महिन्यांत मधली करडी रेघ खोल गेली आणि तिच्या दोन बाजूंना स्टीलच्या दोन पातळ धारा उभ्या राहिल्या. सुई घालून बघितली, पाऊण मिलिमीटर तरी आत जाते. म्हणजे दुधारी पातं गोल वळवून त्याचं भगुनं केल्यासारखं झालं. सोमवारी त्यातल्याच एका धारेवरून माझं बोट फिरलं.

मला हे जुलैतच दिसलं होतं, हे कबूल करतो. तेव्हा बोट कापलं नव्हतं, नुसतं फडकं अडकून फाटलं होतं. कस्टमर केअरला लिहिलं. उत्तर आलं, तळाचा फोटो पाठवा. मी काठाचा पाठवला. पुन्हा उत्तर, कृपया तळाचा स्पष्ट फोटो पाठवा. मी तळाचाही पाठवला, तळ ठणठणीत आहे असं खाली लिहून. चार दिवसांनी निरोप: तळाला दोष आढळला नाही, तक्रार बंद करत आहोत. मी फोन लावला. पलीकडची मुलगी बिचारी शांतपणे म्हणाली, "सर, काठाची झीज वॉरंटीत येत नाही, ती नॉर्मल आहे." भगुन्याचा काठ कशाने झिजतो, बाई? आम्ही त्यावर चालतो का?

मग म्हटलं दुकानात जाऊन भांडू. नेमका त्याच दिवशी गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं, गंगेला (आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो) पूर, नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलेलं. भांडी बाजारात सगळ्यांची माल माळ्यावर चढवायची धांदल. मी पिशवीतून भगुनं काढलं तर दुकानदार शिडीवरूनच म्हणाला, "काका, आधी ते हंडे द्या वर, काठाचं मग बघू." पुराच्या दिवशी नाही कसं म्हणणार? अर्धा तास मी खालून भांडी देत होतो आणि तो वर रचत होता.

पण त्या अर्ध्या तासात माझ्या हातून त्या दुकानातलं एकूण एक भांडं गेलं. मी प्रत्येकाच्या काठावरून अंगठा फिरवला. साध्या स्टीलची सगळी भगुनी वळवलेल्या काठाची. ट्रायप्लाय बहुतेक माझ्यासारखीच, कापून सोडलेली. एक प्रकार मात्र वेगळा निघाला. त्याचा काठ बाहेर झुकवून दोन्ही स्टीलचे थर वर एकमेकांना मिळवून बंद केलेले, करडी रेघ कुठेच नाही. किंमत बघितली, माझ्यापेक्षा चारशे रुपये जास्त.

इथे माझं मत थोडं बदललं. घरी येऊन त्या रागात कागद-पेन्सिल घेतली आणि कर्लिंग डाय काढून बघितली. साधा पत्रा वळवणं सोपं असतं. हा अडीच मिलिमीटरचा, तीन थरांचा, आणि ड्रॉमध्ये वरची कड उलट जाडच होते. आवळून वळवायला गेलं तर एखादा थर फाटेल, कारण तिन्ही थर सारखे ताणले जात नाहीत. मोठ्या गोलाईने वळवायचं तर काठ बेढब होतो. म्हणजे नुसत्या कंजुषीने सोडलेलं नाही, काम खरंच अवघड आहे. पण अवघड म्हणजे चारशे रुपयांइतकं अवघड. त्यांना काठ बंद करायचा नव्हता तर नका करू, खोक्यावर "डिशवॉशर सेफ" छापायचं नव्हतं. भांडणाचा मुद्दा एवढाच आहे.

काही जण म्हणतील, काका, पितळ वापरा. आईचं तांबट लेनमधलं पितळी पातेलं अजून आहे माळ्यावर. काठ असा जाड की हातोडीने ठोकलात तरी आवाजच येईल, बाकी काही होणार नाही. पण त्याला कल्हई लागते. कल्हई म्हणजे कथील, २३२ अंशांना वितळतं. एकदा रिकामं भांडं गॅसवर विसरलं की कल्हई गेली, आणि मग आंबट आमटी कळकते. कल्हईवाला दारावर येऊन किती वर्षं झाली आठवत नाही. ते आपलं दसऱ्याला चिंचेने घासून परत माळ्यावर जातं.

बाकीच्या बारीकसारीक गोष्टी. आमच्या इंदिरानगरच्या बोअरच्या पाण्याने आत पांढरे डाग पडतात, चमचाभर व्हिनेगर घालून उकळलं की जातात. रिकामं जास्त तापलं तर निळसर-सोनेरी झाक येते, तीही लिंबाने जाते, घाबरू नका. मीठ थंड पाण्यात टाकून ठेवू नका, तळाला बारीक टोचे पडतात. पाणी उकळल्यावर टाका. रिव्हेटच्या डोक्याभोवती काळ्या मसाल्याचा रस्सा अडकतो, जुना टूथब्रश ठेवलाय. झाकण बरं आहे.

बोट कापल्यावर मंगळवारी मीच कारभार हातात घेतला. बारीक कानस आतून आणि बाहेरून तिरकी धरून दोन्ही धारा उतरवल्या, मग ४०० आणि ६०० नंबरचा पॉलिश पेपर. एका हाताला पट्टी, तरी दीड तासात काम झालं. आता काठावरून कापूस फिरवला तर तंतू अडकत नाही. रेघेतली खाच तशीच आहे, ती भरता येत नाही. डिशवॉशर बंद, रोज हाताने घासतो, म्हणजे मीच घासतो. सूनबाई म्हणाली, "बाबा, मग डिशवॉशर कशाला घेतला?" हा प्रश्न तिने मला विचारावा याची गंमत वाटली.

रिव्ह्यूचे तारे: दिवाळीत पाच दिले होते, सोमवारी रात्री एक केला होता, आज साडेतीन ठेवतोय. आमच्या वणीच्या गडाला अर्धं शक्तिपीठ म्हणतात म्हणून कोणी कमी नवस बोलत नाही, तेव्हा तो अर्धाही जमेस धरावा. साडेतीन दुधाचे आणि पुरणाचे. दीड कापला तो काठाचा. मोठ्या बर्नरवर सांडशी वापरणाऱ्या घराने हे घेऊ नये. डिशवॉशर असलेल्या घराने तर अजिबात घेऊ नये.

कालच कंपनीचा मेसेज आला. गैरसोयीबद्दल दिलगिरी, पुढच्या खरेदीवर १५ टक्के सूट, कूपन महिनाभर चालेल. १५ टक्के म्हणजे त्यांच्या फ्राय पॅनवर दोनशे सत्तर रुपये वाचतात, हिशोब करून बघितला. मोह झाला, खोटं कशाला बोलू. साइटवर पॅनचे सात फोटो आहेत, एकातही काठ दिसत नाही. चॅटवर विचारलं, काठाचा जवळून एक फोटो पाठवता का?

त्यांनी तळाचा पाठवला.