कोझुमेलला एक दिवस: स्नॉर्कलिंग की तुळुमचे अवशेष?

क्रूझ मेक्सिकोच्या कोझुमेल बेटावर आठ तास थांबणार असेल, तर आधी घड्याळाचा हिशेब करा. तुळुम हे माया लोकांचं प्राचीन शहर या बेटावर नाही, समोरच्या मुख्य भूमीवर आहे. फेरीने प्लाया देल कार्मेनला जायला पाऊण तास, पुढे बसने तासभर, आणि परतीला तेवढाच वेळ. रांगा धरल्या तर साडेचार तास प्रवासातच जातात. समुद्र खवळला की फेरी रद्द होते. जहाजाचं घड्याळ आणि किनाऱ्यावरची वेळ यांत कधीकधी तासाचा फरक असतो, तो उतरण्याआधीच विचारून घ्या. तुळुमला सावली जवळजवळ नाही आणि एल कास्तिलो या तिथल्या मुख्य वास्तूवर चढू देत नाहीत. पण कड्यावरची ती तटबंदी आणि खाली निळाशार कॅरिबियन, हे दृश्य दुसरीकडे मिळत नाही.

स्नॉर्कलिंगला, म्हणजे मास्क आणि श्वासाची नळी लावून पाण्यावर तरंगत खालचे प्रवाळ बघायला, अर्धा दिवस पुरतो. इथे प्रवाह जोरदार असतो, म्हणून किनाऱ्यावरून एकटं न उतरता बोटीनेच जा. प्रवाहाबरोबर तरंगायचं, बोट मागे येते. मास्क पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवून नाकाने श्वास ओढा. हात सोडल्यावरही चिकटून राहिला तर माप बरोबर. मिशी किंवा कडेखाली अडकलेला केस असेल तर पाणी झिरपणारच. सनस्क्रीनऐवजी लांब बाह्यांचा रॅशगार्ड (पोहताना घालायचा अंगाबरोबरचा शर्ट) घाला, प्रवाळाला त्रास होत नाही.

आमचं मत स्नॉर्कलिंगला. अवशेषही हवेत? मग बेटावरच्याच सान हेर्वासिओला टॅक्सीने जा. इश्चेल देवीचं हे माया तीर्थस्थान लहान आहे, दीड तासात बघून होतं. पावसाळ्यात डासांचं मलम मात्र हवंच.