हीट मॅट की सिरॅमिक बल्ब? नाशिकच्या थंडीत पाळलेल्या सापासाठी काय घ्यावं

दिवाळी झाली की मला हमखास कोणीतरी विचारतं, बॉल पायथन घेतोय, हीट मॅट (विजेवर तापणारी पातळ चटई) पुरेल ना? मी आधी उलट विचारतो, काचेच्या टाकीत ठेवणार की लाकडी पेटीत, आणि खोली कुठल्या बाजूची आहे, कारण आपल्या नाशकात नुसत्या थंडीपेक्षा दिवस-रात्रीच्या फरकाचा त्रास जास्त. जानेवारीत दुपारी मस्त ऊन असतं, २८ पर्यंत जातं, आणि पहाटे पारा ८-१० वर येतो, निफाडकडे तर त्याच्याही खाली, तिकडे द्राक्षबागांमध्ये शेकोट्या पेटवतात त्या त्यासाठीच. साप अंगातली ऊब बाहेरूनच घेतो, म्हणून पेटीची एक बाजू गरम आणि दुसरी थंड लागते, मग तो त्याला हवं तसं इकडून तिकडे सरकतो.

बॉल पायथन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. त्याला गरम बाजूला ३१-३३ डिग्री, थंड बाजूला २५-२७ आणि रात्रीसुद्धा २४ च्या खाली नको. कॉर्न स्नेक अमेरिकेच्या आग्नेय भागातला, त्याला गरम बाजू २८-३० पुरते आणि रात्री २० पर्यंत उतरलं तरी चालतं. साप अजून घेतलाच नसेल तर हे आकडे आधी बघा, कारण कुठला साप घेता त्यावरच अर्धा निर्णय होऊन जातो.

आता हीट मॅट. स्वस्त, वीज कमी खाते, १५-२० वॅटची मॅट इन्व्हर्टरवर रात्रभर आरामात चालते. टाकीच्या तळाखाली, बाहेरून, एक तृतीयांश भागाला लावायची. पण मॅट फरशी तापवते, हवा नाही, आणि हे मी सगळ्यात वाईट पद्धतीने शिकलो. पहिल्या वर्षी माझा पायथन वर जाळीचं झाकण असलेल्या काचेच्या टाकीत होता, डिसेंबरच्या एका रात्री मॅटवर ३२ दाखवत होतं म्हणून मी निवांत झोपलो, आणि टाकीतल्या हवेला १८ होतं. पोटाला गरम आणि श्वासात गार हवा. चार-पाच दिवसांनी तो तोंड उघडं ठेवून बसायला लागला, नाकाशी बुडबुडे, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज, श्वसनमार्गाचा संसर्ग झाला होता. डॉक्टरांच्या इंजेक्शनांनी बरा झाला पण ते तीन आठवडे मी आजही विसरलेलो नाही.

त्यानंतर सिरॅमिक बल्बवर आलो. हा वरून हवा तापवतो आणि उजेड अजिबात देत नाही, म्हणून रात्रीसाठी उत्तम. (लाल बल्ब सापाला दिसत नाही म्हणतात त्यावर विश्वास ठेवू नका, दिवस-रात्रीचं त्याचं गणित बिघडतं.) १०० वॅटचा बल्ब दहा तास सलग चालला तर एक युनिट, खोलीचा १००० वॅटचा हीटर तेवढाच चालला तर दहा युनिट, त्यामुळे एका सापासाठी अख्खी खोली तापवणं मला पटत नाही, दहा-बारा पेट्या असतील तर गोष्ट वेगळी. मात्र सिरॅमिकला चिनी मातीचाच होल्डर लागतो, प्लास्टिकचा वितळतो, आणि बल्बला जाळीचा पिंजरा लागतोच, नाहीतर साप त्याला वेटोळं घालून बसेल आणि भाजेल. दुसरं म्हणजे तो हवा कोरडी करतो आणि आपली हिवाळ्यातली हवा आधीच कोरडी. पायथनला ५५ ते ७० टक्के ओलावा लागतो, तो कमी पडला तर कात तुकड्या-तुकड्यात निघते. मी नारळाच्या भुश्शाचा जाड थर देतो आणि पाण्याचं मोठं भांडं गरम बाजूकडे सरकवतो. पण भुसा जाड घातला की खालून मॅट लावायची नाही, साप उकरून थेट तापलेल्या काचेवर जाऊन बसतो.

तर माझं स्पष्ट मत, बॉल पायथन असेल तर बंद लाकडी किंवा पीव्हीसीची पेटी आणि सिरॅमिक. लाकडी पेटीच्या खाली मॅट लावूच नका, लाकडातून ऊब वर जात नाही आणि मॅट खालीच तापत राहते. कॉर्न स्नेक, आतल्या बाजूची खोली, काचेची टाकी असं असेल तर मॅट पुरते, टाकीच्या तीन बाजूंना बाहेरून फ्रिजच्या खोक्यातलं थर्माकोल लावा, मॅटपासून लांब ठेवून. गरम होणारा दगड मिळतो तो कोणीही घेऊ नका, पोट भाजलेले साप मी पाहिलेत.

आणि काहीही घ्या, थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे ठरवलेलं तापमान आलं की हीटर बंद करणाऱ्या यंत्राशिवाय, प्लग लावायचा नाही. पैसे कमी असतील तर पेटी साधी घ्या पण थर्मोस्टॅट घ्याच. मॅटला साधा ऑन-ऑफवाला चालतो, सिरॅमिकला पल्सवाला, म्हणजे थोडी थोडी वीज सोडणारा, चांगला. मॅटचा प्रोब (थर्मोस्टॅटचं तापमान मोजणारं टोक) मॅट आणि काचेच्या मध्ये चिकटवायचा, नुसता हवेत लटकवला की हवा गार राहते म्हणून मॅट तापतच जाते.

लाईट गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून आत ठेवायच्या, वरून गोधडी, हवेला थोडी फट ठेवून. पेटी गार असताना खायला घालू नका, पचत नाही आणि साप उलटी करतो.

एप्रिल-मेमध्ये सगळं उलटं. बाहेर ४० आणि वरच्या मजल्यावर स्लॅब तापलेला, तेव्हा थर्मोस्टॅट फक्त हीटर बंद करतो, थंड करू शकत नाही. अख्खी पेटीच ३५ च्या वर गेली की जिवावर बेततं, तेव्हा पेटी खालच्या मजल्यावर, कूलर असलेल्या खोलीत न्या, आपल्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर छान चालतो आणि ओलावाही मिळतो.

हे सगळं परदेशी सापांबद्दल. शेतात सापडलेली धामण किंवा अजगराचं पिल्लू घरी ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, त्यासाठी सर्पमित्राला किंवा वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइन नंबरवर फोन करा. बॉल पायथनची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते, विकणाऱ्याकडून कागद घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

साप आणायच्या आधी रिकामी पेटी आठवडाभर चालवून बघा, आत किमान-कमाल दाखवणारा डिजिटल थर्मामीटर ठेवा, एक गरम बाजूला, एक थंड बाजूला, आणि पहाटे पाचचा आकडा वहीत लिहा. सातही दिवस तो आकडा जमला की मगच साप आणायला जा.