ओल्डहॅमचं सासर शोधताना: वंशावळीच्या सशुल्क साइटचा नऊ महिन्यांचा अनुभव

माझं सासर ओल्डहॅमचं, मँचेस्टरला लागून असलेलं जुनं गिरणीगाव. गेल्या वर्षी मुलीला शाळेतून वंशवृक्ष काढून आणायला सांगितला. माझ्या माहेरच्या सात पिढ्या एका फोनवर मिळाल्या, कारण काकांनी त्र्यंबकेश्वरच्या गुरुजींच्या वहीतली नामावळी उतरवून आणली होती. नवऱ्याची बाजू मात्र आजोबांपाशीच अडली. म्हणून एका मोठ्या साइटची वर्षाची वर्गणी भरली. कोणती ते लिहीत नाही, कारण जुनी कागदपत्रं बहुतेक ठिकाणी तीच आहेत.

सुरुवात फार छान झाली. इंग्लंडमध्ये जनगणनेची पानं शंभर वर्षं बंद ठेवतात, त्यामुळे १९२१ची २०२२ मध्ये खुली झाली. त्यात सासऱ्यांचे वडील सापडले, वय शून्य वर्षं तीन महिने! त्या वेळी फॉर्म कुटुंबप्रमुखानेच भरायचा असे, म्हणजे अक्षर थेट पणजोबांचं. कामाच्या रकान्यात सूतकताई आणि पुढे गिरणीचं नावसुद्धा. सासरे ते पान किती तरी वेळ बघत बसले होते. (तुमची माणसं नंतरची असतील तर आधीच सांगते: १९३१ची जनगणना १९४२च्या आगीत जळाली आणि १९४१ची झालीच नाही. मधे आधार फक्त १९३९च्या नोंदवहीचा, म्हणजे महायुद्ध सुरू होताच सरकारने केलेल्या नागरिकांच्या यादीचा.)

तिथून दर दहा वर्षांनी मागे जायचं. १८५१पर्यंत जन्मगाव आणि नातं लिहिलेलं असतं, म्हणून काम भराभर होतं. १८४१मध्ये मात्र मोठ्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहिलेली आहेत. चोवीस वर्षांचा माणूस वीसचा दिसतो. हे माहीत नसल्यामुळे माझा एक आठवडा फुकट गेला.

खरी तक्रार साइटच्या आयत्या सूचनांबद्दल आहे. खापरपणजोबांपाशी आल्यावर साइटने सुचवलं, जन्म १८६१, लग्न १८८७. इतर चौदा जणांच्या वंशवृक्षांतही तेच. मीही ते स्वीकारलं आणि त्यावर दोन महिने पुढचं रचत गेले. पण १८७१च्या पानावर मुलाचं वय सात होतं, दहा नव्हे. त्याच पानावर त्याची अकरा वर्षांची बहीण अर्धवेळ गिरणीत, अर्धवेळ शाळेत. वय चुकीचं लिहिलं असेल असं मी मनाला समजावत राहिले.

शेवटी जनरल रजिस्टर ऑफिसची, म्हणजे जन्म-मृत्यू-लग्नाच्या नोंदी ठेवणाऱ्या तिथल्या सरकारी कार्यालयाची, सूची उघडली. ती फुकट आहे, फक्त खातं काढावं लागतं, आणि माझ्या मते अख्ख्या शोधातली सर्वांत मोलाची गोष्ट तीच. १ जुलै १८३७ला सरकारी नोंदणी सुरू झाली, तेव्हापासूनच्या जन्मांना या सूचीत आईचं माहेरचं आडनाव दिसतं. जुन्या छापील सूचीत ते १९११ नंतरच येतं, आणि साइट त्या जुन्या सूचीवर चालत होती. नव्या सूचीत एकाच आईची, एकाच नावाची दोन मुलं निघाली: एक १८६१चं, दुसरं १८६४चं. पहिलं १८६२मध्ये गेलं. गेलेल्या बाळाचं नाव पुढच्याला ठेवायची तिकडे तेव्हा सर्रास पद्धत होती. साइटने त्या तान्ह्या बाळाचं लग्न लावून दिलं होतं, आणि चौदा घरांनी ते मान्यही केलं होतं.

तेव्हापासून माझा नियम एकच: मूळ पानाचं छायाचित्र स्वतः वाचल्याशिवाय काहीही जोडायचं नाही. साइटवर टाइप केलेल्या मजकुरावर तर अजिबात विसंबू नका. आमच्या आडनावातला वळणदार एस् तिथे तीन ठिकाणी एल् झाला आहे. ग्राहक सेवेला दोनदा लिहिलं, तर दोन्ही वेळा ठरावीक साच्याचं उत्तर आलं. वर्गणी आपोआप पुढे चालू राहते, ती तारीखही आधीच लिहून ठेवा. आणि इंग्लंडमधल्या बऱ्याच सार्वजनिक वाचनालयांत अशा साइट्स फुकट बघता येतात, हे मला पैसे भरल्यावर कळलं.

१८३७च्या मागे चर्चच्या नोंदवह्या आहेत. त्या ठेवायचा हुकूम १५३८चा, पण आमचा धागा १७९०च्या आसपास थांबतो. एकाच पॅरिशमध्ये, म्हणजे एकाच चर्चच्या हद्दीत, एकाच नावाची दोन बाळं, आणि त्यांतलं आपलं कोणतं हे ठरवायला पुरावा नाही. मी तिथे रेघ मारून थांबले आहे.

त्या १८६२च्या बाळाचा मृत्यूचा दाखला मात्र मी मुद्दाम मागवला. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, लँकेशायरला, म्हणजे ओल्डहॅमच्या परगण्याला, कापूस येत नव्हता, गिरण्या बंद होत्या. त्याच वर्षांत मुंबईचे कापूस व्यापारी गडगंज होत होते. माझं आजोळ खानदेशातलं, घरी कपाशी. त्यामुळे हे वाचताना मी दोन्हीकडची होते. दाखल्यावर वय नऊ महिने, कारण आकडी. खबर देणारी आई. सहीच्या जागी फुली, आणि बाजूला रजिस्ट्रारच्या अक्षरात तिचं नाव. तिच्या १८५८च्या लग्नाच्या नोंदीतही अशीच फुली आहे, जरा तिरकी, उजवा पाय लांब. सासऱ्यांनी दोन्ही कागद छापून घेतले, आणि वंशवृक्षात त्या बाळाचं नाव स्वतःच्या हाताने लिहिलं.