इंग्लंडमध्ये जीपीकडे नाव लावताना झालेले हेलपाटे आणि त्यानंतरचे सहा महिने

रेडिंगला येऊन आता जवळजवळ नऊ महिने झाले आणि सर्जरीत नाव लागून सहा. सर्जरी म्हणजे इथे ऑपरेशन नाही हां, जीपीचा (इथल्या फॅमिली डॉक्टरचा) दवाखाना, आईला फोनवर पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती केवढी घाबरली होती. लिहायचं कधीपासून मनात होतं पण म्हणलं थोडं वापरून बघू, डॉक्टर कसे आहेत, औषधं कशी मिळतात, मग लिहू.

आधी थोडं आमच्याबद्दल. नवरा आयटीत, स्किल्ड वर्कर व्हिसावर, मी आणि चार वर्षांचा मुलगा डिपेंडंट. मला सात वर्षं थायरॉइड आहे, ७५ ची गोळी रोज सकाळी. पुण्याहून निघताना १२० गोळ्यांची एक भरलेली बाटली आणली आणि वाटलं चार महिने आहेत की हातात, तेवढ्यात सगळं होईल. कोथरूडला आमचे डॉक्टर म्हणजे संध्याकाळी सातला जायचं, कंपाउंडरकाकांकडे नंबर लावायचा, अर्ध्या तासात आत. कागदबिगद कोणी कधी मागितलाच नाही, त्यामुळे दवाखान्यात "नाव नोंदवणं" हे वेगळं काम असतं हेच डोक्यात नव्हतं.

३ ऑगस्टला आलो. पहिले दोन महिने नवऱ्याच्या मित्राच्या घरी एका खोलीत, लोअर अर्लीला. पहिल्या आठवड्यातच मी मुलाला घेऊन चालत सहा मिनिटांवरच्या सर्जरीत गेले. खिडकीवरच्या बाई वाईट नव्हत्या बोलायला, पण म्हणाल्या पासपोर्ट आणा, व्हिसा आणा आणि पत्त्याचे दोन पुरावे आणा, काउन्सिल टॅक्सचं बिल, लाइटचं बिल नाहीतर बँकेचं स्टेटमेंट. आता घर मित्राचं, सगळी बिलं त्याच्या नावावर. व्हिसाचं कार्ड आता येतच नाही, सगळं ऑनलाइन ईव्हिसा, दाखवणार काय? बँकेत गेलो तर बँक म्हणते पत्त्याचा पुरावा द्या. तीन आठवड्यांनी बँकेचं पत्र आलं एकदाचं, तेही नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर. ते घेऊन गेले तर म्हणाल्या, हे तुमच्या मिस्टरांचं चालेल, तुमचं कुठे आहे?

हे मला फार लागलं. खरं सांगते, डिपेंडंट म्हणून आलेल्या बाईच्या नावावर पहिले काही महिने काही म्हणजे काहीच नसतं. भाड्याचा करार नवऱ्याच्या नावावर, पगार त्याचा, बँक त्याची, मोबाइलसुद्धा त्याच्याच अकाउंटवर. आणि डॉक्टरची गरज सगळ्यात जास्त कोणाला, तर घरात असलेल्या आम्हा दोघांना. मी इथे ज्या ज्या मराठी मुलींशी बोलले त्यातल्या बऱ्याच जणी याच पायरीवर अडकल्या होत्या आणि प्रत्येकीला वाटत होतं की चूक आपलीच आहे, आपण तयारी करून आलो नाही.

१ ऑक्टोबरला ऑक्सफर्ड रोडच्या बाजूला फ्लॅट मिळाला. ती पहिली सर्जरी आता हद्दीबाहेर गेली (इथे प्रत्येक सर्जरीचा एरिया ठरलेला असतो) म्हणून जवळच्या दुसरीत गेले. तिथे आधी तीच कागदांची यादी, आणि मी म्हणलं एवढे नाहीयेत तर म्हणाल्या तसंही आमची लिस्ट फुल आहे, दुसरीकडे बघा. बाहेर आले, पाऊस, मुलगा रडतोय, आणि डोक्यात फक्त बाटलीतल्या गोळ्या. मी रोज रात्री मोजायला लागले होते. मध्ये चार दिवस एक दिवसाआड गोळी घेतली, कोणी करू नका असं, मला लगेच थकवा जाणवला आणि काळजी अजून वाढली.

मग भेटली खालच्या मजल्यावरची ताई. केरळची आहे, हॉस्पिटलात नर्स. जिन्यात सहज बोलता बोलता मी सांगितलं तर ती थांबलीच. म्हणाली, अगं नाव नोंदवायला पत्त्याचा पुरावा लागतच नाही, ओळखपत्र लागत नाही, व्हिसाही लागत नाही. सर्जरी मागू शकते, पण तुमच्याकडे नाही म्हणून नाव नाकारू शकत नाही. मला खरं वाटेना. रात्री एनएचएसच्या (इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) वेबसाइटवर स्वतः वाचलं आणि खरंच तसंच लिहिलंय, साध्या इंग्रजीत.

तर जे मला ऑगस्टमध्ये कोणी सांगायला पाहिजे होतं ते इथे लिहिते. इंग्लंडबद्दल लिहितेय, स्कॉटलंड वेल्सचं वेगळं आहे. जीपीकडे नाव लावणं आणि जीपीला भेटणं फुकट आहे, कोणालाही. सर्जरी नाही म्हणू शकते पण त्याला रास्त कारण पाहिजे, म्हणजे तुम्ही त्यांच्या हद्दीबाहेर राहता किंवा त्यांची लिस्ट अधिकृतपणे बंद आहे. आणि लिस्ट बंद करायची तर त्यांना वरून परवानगी घ्यावी लागते, नुसतं खिडकीवर "फुल आहे" म्हणलं म्हणजे बंद झाली असं नाही. नाकारलं तर कारण १४ दिवसांत लेखी द्यावं लागतं. म्हणून तोंडी नाही आलं तर शांतपणे एवढंच म्हणा की मला हे लेखी द्याल का, आणि प्रॅक्टिस मॅनेजरशी बोलता येईल का. तरीही नाही झालं तर तक्रार त्या भागातल्या आयसीबीकडे (एनएचएसच्या स्थानिक मंडळाकडे) करता येते, मला तिथपर्यंत जावं लागलं नाही. एनएचएस नंबर नसला तरी अडत नाही, नाव लागल्यावर तो मिळतो, दहा आकडी असतो, जपून ठेवा.

आणि पैशाचं म्हणाल तर आम्ही फुकट्यासारखे उभे नव्हतो हो तिथे. व्हिसाबरोबर हेल्थ सरचार्ज भरलाय, आम्ही भरला तेव्हा मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड आणि मुलाला ७७६, तिघांचे तीन वर्षांचे मिळून ८,५३८ पौंड, एकरकमी, निघायच्या आधी. एवढं भरून त्या खिडकीसमोर मी हात जोडल्यासारखी उभी होते याचं मला आजही वाईट वाटतं.

ताईने सांगितलं खिडकीवर जाऊच नकोस, ऑनलाइन भर. ऑक्टोबर २०२४ च्या शेवटापासून इंग्लंडमधल्या सगळ्या सर्जरींना ऑनलाइन नोंदणी ठेवणं बंधनकारक आहे. एनएचएसच्या साइटवर पोस्टकोड टाकला, जवळच्या सर्जरी आल्या, आणि जिने मला लिस्ट फुल सांगितली होती तिच्यापुढे चक्क "नवीन पेशंट घेतात" असं लिहिलेलं. भरला फॉर्म. पत्ता टाईप करायचा, पुरावा कुठेही मागितला नाही. आधीची दुखणी, औषधं, ॲलर्जी, सिगरेट, दारू किती युनिट हे सगळं विचारतात, तिघांचे तीन वेगळे फॉर्म, एकेकाला साधारण पंधरा मिनिटं. आठव्या दिवशी, २४ ऑक्टोबरला मेसेज आला, नाव लागलं. तीच सर्जरी, तीच खिडकी! मला नाही वाटत त्या बाईंनी मुद्दाम केलं, वर्षानुवर्षं कागद मागायची सवय लागलेली असणार, पण त्या सवयीचा भुर्दंड नवीन आलेल्या माणसाने का भरायचा?

यानंतर एक अडचण आली ती खास आपली, नावाची. माझ्या पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये माझं नाव आणि नवऱ्याचं नाव दोन्ही आहे, मुलाच्या पासपोर्टवर त्याचं आणि वडिलांचं. सर्जरीत कोणीतरी नवऱ्याचं नाव माझ्या आडनावाच्या रकान्यात टाकलं. त्यामुळे एनएचएस ॲपवर ओळख पटवताना, पासपोर्टचा फोटो काढला, चेहऱ्याचा व्हिडिओ दिला, तरी रेकॉर्ड सापडत नाही म्हणून येत राहिलं. दहा दिवस त्यात गेले. शेवटी सर्जरीला फोन करून "माझं नाव तुमच्याकडे कसं लिहिलंय ते अक्षर अक्षर वाचून दाखवा" म्हणलं तेव्हा कळलं. दुरुस्त केल्यावर ॲप लगेच चालू झालं. ऑनलाइन फॉर्म भरताना पासपोर्टवर जसं आहे तसंच, त्याच क्रमाने भरा आणि नाव लागल्यावर एकदा विचारून खात्री करा, आपल्याकडे मधलं नाव असतंच ते इथल्यांना समजत नाही.

आता प्रत्यक्ष वापराचं. पहिल्यांदा डॉक्टर फोनवरच बोलल्या, पुण्याचे जुने रिपोर्ट मी अपलोड केले होते ते त्यांनी वाचले होते हे बघून बरं वाटलं. आधी रक्त तपासायला सांगितलं, मग १४ नोव्हेंबरला प्रिस्क्रिप्शन आलं, लेव्होथायरॉक्सिन ७५. त्या सकाळी बाटलीत २० गोळ्या उरल्या होत्या. इथे चिठ्ठी हातात देत नाहीत, आपण ठरवलेल्या फार्मसीत ती थेट जाते. मी गेले आणि ९.९० पौंड भरले, तेव्हा एका औषधाला तेवढे होते.

इथे माझं नुकसान झालं ते सांगते. थायरॉइडची गोळी कायमची चालू असेल तर मेडिकल एक्झम्प्शन सर्टिफिकेट मिळतं, फॉर्मचं नाव एफपी९२ए, सर्जरीतूनच भरून जातो, पाच वर्षं चालतं आणि मग फक्त थायरॉइडचीच नाही तर तुमची सगळीच प्रिस्क्रिप्शनची औषधं फुकट. औषधं चालू असलेला डायबेटिस, फिट्सची औषधं यांनाही आहे, नुसतं पथ्यावर असलेल्या डायबेटिसला नाही. मला हे कोणीच सांगितलं नाही, जानेवारीत फार्मसीवाल्याने विचारलं तेव्हा कळलं. भरलेले पैसे परत मागायला एफपी५७ पावती लागते आणि ती पैसे भरतानाच मागायची असते, नंतर देत नाहीत. मी मागितली नव्हती. रक्कम छोटी आहे पण पहिल्या वर्षी इथे प्रत्येक पौंड मोजून खर्च होतो.

मुलाच्या लसींचं काम नर्सने केलं आणि फार नीट केलं. आपली लसीकरणाची वही घेऊन जा, फोटो नको, वहीच. आपल्याकडे नवव्या महिन्यात गोवराची जी देतात ती इथे धरत नाहीत कारण वर्षाच्या आत दिलेला एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेलाची लस) मोजत नाहीत, पंधराव्या महिन्याचा पहिला धरला. दीड वर्षाचा त्रिगुणी लसीचा (डीपीटी) बूस्टरही शाळेआधीचा बूस्टर म्हणून धरत नाहीत. म्हणजे माझ्या मुलाला दोन इंजेक्शनं द्यावी लागली. मला आधी राग आला की सगळं तर दिलंय, पण तिने चार्ट समोर ठेवून समजावलं आणि पटलं.

अपॉइंटमेंट हा इथल्या सगळ्यांचाच दुखरा विषय. सकाळी आठला फोन लावायचा आणि रांगेत २३ वा नंबर ऐकायचा हे मीही केलंय. ऑक्टोबर २०२५ पासून सर्जरीचा ऑनलाइन फॉर्म सकाळी ८ ते संध्याकाळी ६.३० पर्यंत उघडा ठेवायचा नियम आला, मी आता तोच वापरते, त्याच दिवशी उत्तर येतं बहुतेक. रिसेप्शनिस्ट "काय होतंय" असं विचारते ते मला पहिल्यांदा अजिबात आवडलं नव्हतं, आपण आपलं दुखणं डॉक्टरला सांगायचं, खिडकीवर कशाला. पण त्यावरून त्या ठरवतात की नर्सकडे पाठवायचं, फार्मसीत की डॉक्टरकडे, आणि सांगायचं नसेल तर "खासगी आहे" एवढं म्हणलं तरी चालतं. जानेवारीत मुलाचा कान दुखायला लागला तर सर्जरीने फार्मसीतच पाठवलं, फार्मासिस्टने कानात यंत्र घालून नीट तपासलं, अँटिबायोटिक लागणार नाही म्हणाला, कॅलपॉल किती आणि कधी द्यायचं ते लिहून दिलं. दोन दिवसांत बरा. पुण्यात कदाचित मी पहिल्याच दिवशी अँटिबायोटिक मागितलं असतं.

नाव लागल्याचा अजून एक फायदा, डिसेंबरमध्ये मला गर्भाशयमुखाच्या तपासणीचं पत्र आपोआप घरी आलं, २५ वर्षांच्या पुढच्या बायकांना येतं. लाजून टाळू नका, नर्स बाईच होती, पाच मिनिटांत झालं.

मार्क द्यायचे तर नाव नोंदवण्याला पाचपैकी दीड, नर्सला पाच, डॉक्टरांना साडेचार, फोनला दोन, ऑनलाइन फॉर्मला चार.

आता मे महिन्यात सासूबाई येणार आहेत व्हिजिटर व्हिसावर, दोन महिन्यांसाठी. त्यांना बीपीच्या गोळ्या चालू आहेत. पाहुण्यांनाही जीपी फुकट बघू शकतो, तात्पुरती नोंदणी तीन महिन्यांपर्यंतची असते, पण हॉस्पिटलात ॲडमिट व्हावं लागलं तर बिल येतं आणि मोठं येतं, म्हणून इन्शुरन्स पुण्यातूनच काढायला सांगितलाय आणि गोळ्यांच्या नावांची, डोसची यादी डॉक्टरांच्या सहीने आणायला सांगितलीय, कंपनीचं नाव नको, औषधाचं मूळ नाव पाहिजे. तात्पुरत्या नोंदणीसाठी काल मी त्याच खिडकीवर गेले होते. त्याच बाई होत्या. फॉर्म दिला, आणि मी विचारायच्या आधीच म्हणाल्या, पुरावा असला तर आणा, नसला तरी चालेल.