रिफंड माझा, दिव्यांग बायको

जुलै 2022. मी नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत सुपरवायझर. कॅन्टीनमध्ये बातमी फिरली की झेरॉक्सच्या दुकानाच्या माडीवर एक ‘सर’ बसतात, पगारातून कापलेला इन्कम टॅक्स परत काढून देतात. आधी फी नाही. रिफंड खात्यात पडला की त्यातले 15 टक्के, रोख.

फॉर्म 16, म्हणजे कंपनीने दिलेला पगाराचा आणि कापलेल्या टॅक्सचा दाखला, आणि इन्कम टॅक्स पोर्टलचा पासवर्ड देऊन आलो. सर म्हणाले, “रिटर्नला एकही कागद जोडावा लागत नाही, दादा. आकडे टाकायचे.” हे मात्र खरं होतं, आणि त्यांचा सगळा धंदा याच एका खऱ्यावर उभा होता. आधारचा ओटीपी माझ्याच मोबाइलवर आला. तो मीच कॅन्टीनमधून ओरडून सांगितला, त्यामुळे ‘मला माहीत नव्हतं’ म्हणायची सोय नाही.

महिन्याभरात 62,400 रुपये जमा. 9,360 सरांना मोजले. पावती मागायची लाज वाटली. सर खूश होऊन म्हणाले, माणूस आणा, माणशी 500 देतो. मी सात आणले! टॅक्स बुडवण्यातही दलाली खाणारा मीच.

मार्च 2025 मध्ये त्या सातांतल्या एकाला इन्कम टॅक्सचा मेसेज आला: राजकीय पक्षाला दिलेल्या देणगीची सूट तपासून घ्या. तो माझ्याकडे धावला. मी म्हटलं, मला तर काही आलं नाही. येणार कुठून? पोर्टलवर माझ्या नावापुढे ईमेल आणि मोबाइल दोन्ही सरांचे.

मग मात्र खऱ्या सीएकडे गेलो. बायको बरोबर होती, पाच किलो गव्हाचं दळण घेऊन तीन जिने चढून आलेली. सीएंनी जुनं रिटर्न उघडलं आणि हळूच विचारलं, “वहिनींना त्रास काय आहे?”

कलम 80 डीडी, अवलंबून असलेली दिव्यांग व्यक्ती, पत्नी, 80 टक्के किंवा जास्त. सूट 1,25,000. बायकोने दळण खाली ठेवलं आणि म्हणाली, “म्हणजे उरलेल्या 20 टक्क्यांत मी तुमचा डबा करत होते होय?”

पुढे 80 ईईबी, इलेक्ट्रिक गाडीच्या कर्जाचं व्याज, 75,000. माझी स्कूटर पेट्रोलवर चालते आणि थंडीत तेवढ्यावरही चालत नाही. शेवटी 80 जीजीसी, देणगी 1,00,000. कोणत्या पक्षाला? मलाही तेच विचारायचं होतं.

सीएंनी गणित मांडलं. नोटीस येऊन केस उघडली, तर खोटी माहिती दिल्याबद्दल टॅक्सच्या 200 टक्के दंड, म्हणजे 1,24,800, आणि मूळ रक्कम वेगळीच. त्याआधी स्वतःहून अद्ययावत म्हणजे अपडेटेड रिटर्न भरलं तर घेतलेला रिफंड, व्याज आणि त्या बेरजेवर 50 टक्के जादा. माझ्या वर्षासाठी 50 टक्क्यांची मुदत 31 मार्चला संपत होती. लाखाच्या घरात गेलं. बायकोची आरडी मोडली. तिने मोडून दिली, बोलली काही नाही. ते जास्त लागलं.

सरांकडे गेलो तर माडीला कुलूप. झेरॉक्सवाला मान वर न करता म्हणाला, “या आठवड्यातले तुम्ही अकरावे.”

कोणाकडूनही रिटर्न भरून घेतलं असेल तर आज रात्रीच पोर्टल उघडा. प्रोफाइलमध्ये ईमेल-मोबाइल तुमचाच आहे का बघा, पासवर्ड बदला. मग रिटर्नची पीडीएफ उतरवून टॅक्समधल्या सवलतींचं पान शेवटपर्यंत वाचा. फॉर्म 16 मध्ये नसलेली प्रत्येक सूट कुठून आली ते विचारा. पोचपावतीवर फक्त रिफंडचा आकडा बघून खूश होऊ नका, मी तेच केलं होतं. आणि फी रिफंडच्या टक्केवारीत सांगितली की जिना उतरा.

त्या सातांचे 3,500 मी घरोघरी जाऊन परत केले. सहाजण बोलतात. सातवा रोज डबा उघडताना सगळ्यांदेखत विचारतो, “साहेब, आपला पक्ष कुठला हो?”