पेपरात यायचं तर फोटोवाला बोलवावा की ग्राफिक करून घ्यावं?

गावातल्या शेतकरी गटानं नाला खोलीकरण केलं, पाऊस चांगला झाला, नाला तुडुंब भरला. गटातला एक जण आला आणि म्हणाला, "भाऊ, दोन हजार आहेत गटाजवळ. फोटोवाला बोलवाव, का त्या पोराकडून ग्राफिक करून घ्याव? पेपरात आलं पाह्यजे." काही वर्षं तालुक्याचा वार्ताहर होतो, म्हणून असे प्रश्न माझ्या ओसरीवर येतात. असाच प्रश्न तुमच्यापुढे असेल, तर फोटो आणि ग्राफिक, म्हणजे आकडे नि आकृत्या मांडलेलं चित्र, अशा दोन्हींचा हिशेब मांडतो.

आधी फोटो. जिल्हा पानाच्या उपसंपादकाकडे संध्याकाळी तालुक्यातालुक्यांतून फोटो येऊन पडतात आणि त्यातले बरेच एकाच साच्यातले असतात: निवेदन देताना, फीत कापताना, रोप लावताना. मागे फ्लेक्स, पुढे पंधरा जण. पेपरचा एक कॉलम साधारण चार सेंटिमीटरचा, म्हणजे दोन कॉलमी फोटो आठ सेंटिमीटर रुंद. त्यात पंधरा जण ओळीत उभे केले की एकेकाचा चेहरा तुरीच्या दाण्याएवढा उरतो. अशा फोटोचा फायदा एवढाच, की ते पंधरा जण पेपर विकत घेतात.

चालतो तो काम करणाऱ्या हातांचा फोटो. वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे. त्या बातमीला महोत्सवाच्या मंचापेक्षा हळद शिजवतानाची वाफ आणि कढईपाशी उभी बाई कितीतरी बोलकी. फक्त वेळ सांभाळा. आपल्याकडे अकरा वाजून गेले की ऊन डोक्यावर येतं आणि टोपीखाली, पदराखाली चेहऱ्यावर काळी सावली पडते. पेपरच्या कागदावर शाई पसरते, त्यामुळे मोबाइलवर सावळी दिसणारी सावली छपाईत डांबर होऊन येते. सकाळी नऊच्या आत उरका.

काही गोष्टी तर शब्दांनी कळतच नाहीत. 2017 साली गुलाबी बोंडअळीनं विदर्भातली कपाशी खाल्ली, तेव्हा फोडलेल्या बोंडातल्या अळीच्या फोटोला वर्णनाची गरज नव्हती. डोमकळी, म्हणजे अळीनं आतून जखडलेलं न उमललेलं फूल, कशी दिसते हे नवख्या शेतकऱ्याला लिहून सांगा पाहू! पण कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंग पकडणारे सापळे, कधी लावायचे, अळी कोणत्या अवस्थेत बोंडात शिरते आणि मग फवारणी तिच्यापर्यंत का पोचत नाही, हे फोटो सांगू शकत नाही. त्याला पतंग, अंडी, अळी, कोष असं रेखाटलेलं चक्रच लागतं.

लोणारचं उदाहरण मला यापेक्षा आवडतं. जून 2020 मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं. नासानं उपग्रहातून टिपलेली आधीची आणि नंतरची छायाचित्रं शेजारी शेजारी ठेवली, आणि वेगळं ग्राफिक न काढताही बदल डोळ्यांत भरला. एकाच जागेचे दोन फोटो असतील तर ते निम्मं ग्राफिकचंच काम करतात. मात्र पाणी आटून खारटपणा वाढला आणि मिठात जगणारे सूक्ष्मजीव माजले, हे कारण समजावायला आकृतीच हवी. आणि हाच फोटो आतल्या कृष्णधवल पानावर गेला असता, तर गुलाबी पाण्याचं राखाडी पाणी झालं असतं.

कृष्णधवल पानावर ग्राफिकचे हाल तर जास्तच. गावाकडच्या ग्राफिकात चांगलं ते हिरवं आणि वाईट ते लाल असतं. शाई एकच असली की दोन्ही रंग सारखेच करडे होतात. पट्ट्यांना रंगापेक्षा वेगवेगळ्या रेघा द्या, आकडा पट्टीवरच लिहा. दुसरी अडचण पेपरच्या डेस्कची, म्हणजे पान लावणाऱ्या उपसंपादकांची. तुम्ही पाठवलेल्या चित्रातला एक आकडा चुकला, तर त्यांना तो दुरुस्त करता येत नाही. शिवाय कोपऱ्यात गटाचं बोधचिन्ह, खाली सहा मान्यवरांचे गोल फोटो. बातमीच्या पानाला ती जाहिरात वाटते. म्हणून ग्राफिकसोबत आकडे साध्या मजकुरात, युनिकोडमध्ये पाठवा. त्यांना हवं असेल तर ते आपल्या ढंगात नवं काढून घेतील. व्हॉट्सॲपवर फिरवायचं असेल तर मात्र ग्राफिक उजवं पडतं. तिथे रंग असतात, आणि ठळक अक्षरातला एकच आकडा लोक पुढे पाठवतात.

पाठवण्याच्या बाबतीत दोन्हींना नियम एकच. पेपरच्या छपाईला इंचाला दोनशेच्या आसपास पिक्सेल पुरतात, म्हणजे तीन कॉलमी चित्राला हजारभर पिक्सेलची रुंदी. आजचा कुठलाही मोबाइल त्याच्या कितीतरी पुढे आहे. घोळ होतो तो चार ग्रुपमधून फिरून आलेला फोटो पाठवण्यात. ज्याच्या मोबाइलवर काढला त्याच्याकडूनच, डॉक्युमेंट म्हणून किंवा मेलनं पाठवा. फोटोओळीत डावीकडून नावं, गाव, तारीख लिहा. गूगलवरून उचललेला फोटो नको. आपल्या कायद्यानं फोटोवरचा हक्क काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरही साठ वर्षं राहतो. आणि आत्महत्याग्रस्त घरातल्या माणसांचा फोटो त्यांना विचारल्याशिवाय पाठवू नका, बातमी कितीही मोठी असो.

शेतीच्या यशोगाथेला तर दोन्ही लागतात. ॲग्रोवनसारखं दैनिक शेतकऱ्याचा फोटो घेईल, पण एकरी खर्च किती, हातात काय उरलं, हेही विचारेलच.

आता त्या गटाकडे वळू. मी विचारलं, "खोलीकरणाच्या आधीचा फोटो आहे का?" नव्हता. उद्घाटनाचे चाळीस होते. ऑगस्टमधल्या भरल्या नाल्याच्या फोटोनं काही सिद्ध होत नाही, कारण ऑगस्टमध्ये सगळेच नाले भरलेले असतात. काम झालं की नाही ते मे महिन्यात विहिरी सांगतात. ग्राफिकही करता येईना, कारण पाणी कोणी मोजलंच नव्हतं. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते, पण ती विहीर आपल्या नाल्याकाठची असेलच असं नाही.

म्हणून फोटोवाला नाही आणि ग्राफिकही नाही, असं ठरलं. एका पोरानं निंबाच्या झाडाजवळ उभं राहून मोबाइलवर नाल्याचा फोटो काढला. दर महिन्याला त्याच जागेवरून, तेवढ्याच उंचीवरून काढायचा. दोन हजारांतून एक मोजपट्टी आणि एक वही घेतली. पाच विहिरी निवडल्या, दर पंधरा दिवसांनी पाणी किती फुटांवर आहे ते लिहायचं. उरलेले पैसे जूनसाठी ठेवलेत, ग्राफिक करायला.