बायबलचा रोजचा ठरलेला उतारा की सलग मार्क?

आमच्या इंदूरच्या घरात सकाळच्या मननाचे दोन पंथ आहेत. आई चर्चच्या पंचांगातला त्या दिवसाचा उतारा वाचते; मी मार्कचं शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधली येशूच्या जीवनाची एक कथा, सलग, रोज थोडं. मार्कसारखंच आणखी एक शुभवर्तमान चर्चमध्ये हिंदीत ‘मत्ती’ म्हणून ऐकायचं आणि घरी मराठीत ‘मत्तय’ म्हणायचं, याची सवय दोघांनाही आहे.

आईच्या पद्धतीचा फायदा सरळ आहे: निवड करावी लागत नाही. कॅथलिक वाचनक्रमात रविवारी ३ वर्षांचं चक्र असतं, मत्तय, मार्क, लूक. चौथं शुभवर्तमान, योहान, मुख्यतः पुनरुत्थानकाळात (ईस्टरपासूनच्या आठवड्यांत) येतं. शिवाय जगभर त्या दिवशी तोच उतारा वाचला जातो, हे तिला फार भावतं.

पण काटछाट होते. मार्कच्या ५व्या अध्यायात याईर नावाच्या माणसाची मरणासन्न मुलगी १२ वर्षांची; येशू तिला बरं करायला निघतो, आणि वाटेत येशूच्या वस्त्राला शिवणारी बाई १२ वर्षं रक्तस्रावाने पीडित. एक गोष्ट दुसरीच्या पोटात आहे. त्या बाईमुळे येशू थांबतो, तेवढ्यात मुलगी गेल्याचा निरोप येतो. बापाची त्या वेळची घालमेल हाच तर गाभा! रविवारी याचं छोटं रूपही वाचायची मुभा आहे, आणि त्यात नेमकी ती बाईच गळते.

सलग वाचनात असं होत नाही. मात्र १६ अध्याय लवकर संपतात, आणि कंटाळा आला की मी चक्क पोहे खायला निघतो. आईचा मात्र एक दिवस चुकत नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी तरी सलग मार्कच सुचवीन.